भाड्याच्या गाडीनं घाट उतरण्याआधी

भावा, पहिल्यांदाच गाडी भाड्यानं घेऊन कोकणात उतरणार आहेस, तर आधी नंबरप्लेट बघ. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. कुणी पांढऱ्या पाटीची स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नकोस. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

गाडी दिवसाउजेडी ताब्यात घे आणि चारी बाजूंनी व्हिडिओ काढ. मी एकदा घाईत रात्री घेतली, तर आधीचाच ओरखडा माझ्या डिपॉझिटमधून कापला गेला. अजून लागतंय मनाला. स्टेपनीत हवा आहे का, जॅक-पाना जागेवर आहे का, हे डिकी उघडूनच बघ.

कोल्हापुरातून गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. पुढं करूळ किंवा भुईबावडा घाट. कुठला चालू आहे ते निघण्याआधी विचार, पावसाळ्यात दरड येते. उतारावर न्यूट्रल अजिबात करायचं नाही. दुसऱ्या गिअरला ठेव, इंजिनच गाडी आवरतं. ब्रेक सारखा दाबून धरलास तर तापतो, जळका वास येतो, आणि ऐन वळणावर लागत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांब, थंड होऊ दे. टाकी कोल्हापुरातच भर.