महिन्यातून एकदाच गोल्फ कोर्सवर जाता येतं, 110चा स्कोअर खाली कसा आणावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला सोलापूर, महिन्यातून एखाद्या रविवारी पुण्यात अठरा होल, स्कोअर 110च्या आसपास अडकलेला आणि ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) उजवीकडे वळून जातो, तर नवा ड्रायव्हर (त्या फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) घ्यावा का?

माझं स्पष्ट मत, आत्ता नको. पार 72च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवायच्या, कोर्सवर 110 म्हणजे 38 फटके जादा. एकटा ड्रायव्हर एवढे फटके खात नाही, कारण अठरापैकी चार होल तर साधारण पार 3चेच असतात आणि तिथे ड्रायव्हर सहसा लागत नाही. तुमचे बरेचसे फटके ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) आसपास जात असणार. खात्री करून घ्या: पुढच्या फेरीत प्रत्येक होलखाली पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके) किती, पेनल्टी (दंडाचे फटके) किती आणि 50 मीटरच्या आत आल्यावर चेंडू ग्रीनवर जायला किती फटके लागले, एवढं लिहा. पट 36च्या वर गेले तर कामाला तिथूनच लागा.

घरात शहाबादी फरशी असेल तर दिशेच्या सरावाला याहून चांगली सोय नाही. दोन फरश्यांमधला सांधा म्हणजे आयती सरळ रेघ. चेंडू सांध्यावर न ठेवता दोन बोटं बाजूला ठेवा, पटरचा (पटच्या क्लबचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सांध्याशी काटकोनात लावा आणि हलकेच ढकला. मीटरभर पुढे गेल्यावरही चेंडू आणि सांधा यांत दोन बोटांचंच अंतर राहिलं पाहिजे. आधी हाताने चेंडू दोन्ही बाजूंनी घरंगळवून बघा. फरशीला मोरीकडे उतार असतो आणि तो लक्षात आला नाही तर दोष विनाकारण हाताला देत बसाल. ग्रीनवरचा होल, म्हणजे खड्डा, 108 मिलिमीटर रुंद असतो. फेस 1 अंश वाकडा असला तर 3 मीटरवर चेंडू साधारण 52 मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे मध्यावर धरलेला नेम थेट काठावर. फरशीवर वेगाचा अंदाज मात्र येणार नाही. तो कोर्सवर पोचल्यावर पटिंग ग्रीनवरच घ्यायचा.

आता चेंडूवरचा घाव. आपला जाड टर्किश टॉवेल घडी करून चेंडूच्या मागे 10 सेंटीमीटरवर ठेवा आणि 9 आयर्न या क्लबने अर्धा स्विंग करा. क्लब टॉवेलला लागला तर तो चेंडूच्या आधीच खाली येतोय. याचं कारण बहुतेक वेळा एकच: चेंडू उचलायचा म्हणून वजन उजव्या पायावर मागे राहतं. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितोय.) चेंडू उचलायचं काम लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या तिरकेपणाचं, तुमचं नाही. स्विंग संपताना पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे आणि उजवी टाच उचललेली हवी. आणखी सोपी तपासणी हवी तर हिरवळीवर रांगोळीची आडवी रेघ ओढा आणि चेंडूशिवाय स्विंग करा. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे घासलं गेलं पाहिजे, मागे नाही.

हे मुरमाच्या मैदानावर करू नका, मनगट आणि कोपर दोन्ही धरतील. कडक मॅटवरही सावध राहा. मागे पडलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो, फटका छान वाटतो आणि चूक लपून राहते. सोलापूरच्या होम मैदानासारख्या वर्दळीच्या जागी खरा चेंडू अजिबात मारू नका. तो 46 ग्रॅमचा टणक गोळा कोणाच्या डोक्यात बसला तर काय होईल, याचा विचार करा. तिथे भोकांचा प्लास्टिकचा चेंडूच वापरा.

चिपिंगला, म्हणजे ग्रीनबाहेरून मारायच्या छोट्या फटक्याला, आधी चेंडू पडायची जागा ठरवा, क्लब मग. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर ढोबळ हिशेब असा: सँड वेजने जितका हवेत तितकाच जमिनीवर, पिचिंग वेजने एकास दोन, 9 आयर्नने एकास तीन. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटं शांत.

उजवीकडच्या वळणाचं कारण म्हणजे स्विंगच्या मार्गाच्या मानाने फेस उघडा राहतो. आधी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, बघा. क्लब तळहातात नाही, बोटांत धरायचा. खाली पाहिलं की डाव्या मुठीची दोन पेरं दिसावीत आणि अंगठा-तर्जनीची खाच उजव्या खांद्याकडे असावी. चेंडू उजवीकडे जातो म्हणून बहुतेक जण डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्याने क्लब बाहेरून आत आणखी तिरका येतो आणि वळण वाढतं. हे दुष्टचक्र तोडायला वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे घ्या. एक लक्ष्याच्या दिशेने चेंडूच्या पलीकडे ठेवा, दुसरा त्याला समांतर पायांपुढे. मग चेंडूच्या पलीकडे, जरा मागे एक रिकामं खोकं ठेवा. क्लब बाहेरून आला की खोक्याला लागतोच.

पुण्याच्या दिवशी अडीचशे किलोमीटर बसून गेल्यावर लगेच टी ऑफ (फेरीचा पहिला फटका) करू नका, कंबर वळत नाही. तासभर आधी पोचा, शरीर मोकळं करा, वीस मिनिटं फक्त लांब पट मारा. अरुंद होलवर टीवरून (होल सुरू होतो तिथून) ड्रायव्हरऐवजी हायब्रिड हा आखूड क्लब घ्या. चेंडू हरवल्यासारखा वाटला तर शोधायला निघण्यापूर्वीच तसं सांगून प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा चेंडू, मारा, नाहीतर परत टीवर चालत यावं लागेल. आणि एप्रिल-मेमध्ये किट गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात क्लबहेडचा गोंद सैल पडू शकतो, दांडीवरची रबरी ग्रिपही खराब होते.

ग्रिप आणि उभं राहणं बदलूनही ड्रायव्हरच घ्यावासा वाटला, तर 9 अंशांचा नको, 10.5 किंवा 12चा बघा. लॉफ्ट जास्त असला की चेंडू कमी वळतो.