बेंझीन, ‘अनुस्पंदन’ आणि ‘विस्थापित’ इलेक्ट्रॉन

प्रश्न असा आहे की, ‘बेंझीनचा रेणू दोन संरचनांमध्ये सतत अनुस्पंदित होत राहतो’ हे वाक्य मराठीत योग्य ठरेल का (अनुस्पंदन म्हणजे इंग्रजीतले ‘रेझोनन्स’), आणि अशा रेणूत पसरलेल्या (‘डीलोकलाइज्ड’) इलेक्ट्रॉनांना ‘विस्थापित इलेक्ट्रॉन’ म्हणावे का.

पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते बेंझीनविषयी जे सांगते ते खरे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांनी 1865 मध्ये बेंझीनच्या सहा कार्बन अणूंचे कडे मांडले आणि त्यात एकाआड एक एकेरी व दुहेरी बंध दाखवले. या आकृतीनुसार शेजारच्या दोन कार्बनांवर क्लोरीन असलेल्या बेंझीनचे दोन प्रकार मिळायला हवे होते, कारण त्या दोन कार्बनांमधला बंध एका प्रकारात एकेरी तर दुसऱ्यात दुहेरी असेल. प्रत्यक्षात मात्र एकच प्रकार मिळत होता. त्यावर 1872 मध्ये केकुले यांनी असे सुचवले की, हे बंध अतिशय वेगाने आपापसात जागा बदलत असावेत. प्रश्नातील वाक्य नेमके याच जुन्या कल्पनेचे वर्णन करते. आज आपण अनुस्पंदन म्हणतो ते याहून मुळातच वेगळे आहे: रेणूची संरचना एकच असते, पण ती एका आकृतीत मावत नाही म्हणून अनेक आकृत्यांनी मांडली जाते.

हा फरक ऊर्जेच्या हिशेबात सर्वांत स्वच्छ दिसतो. एकच दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनचे हायड्रोजनीकरण केले, म्हणजे त्या दुहेरी बंधावर हायड्रोजन जोडला, तर दर मोलमागे सुमारे 120 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन सुट्या दुहेरी बंधांसाठी ती सुमारे 360 किलोज्यूल असायला हवी, परंतु बेंझीनमधून केवळ 208 च्या आसपास मिळते. म्हणजे केकुलेच्या आकृतीवरून अपेक्षा करावी त्यापेक्षा बेंझीन सुमारे 150 किलोज्यूलने अधिक स्थिर आहे. रेणू क्षणभर एका रूपात आणि क्षणभर दुसऱ्या रूपात राहत असता, तर त्याची ऊर्जा त्या रूपांइतकीच राहिली असती. केवळ आलटून पालटून रूप बदलण्याने ही जास्तीची स्थिरता आली नसती. बंधांची लांबीही हेच सांगते. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण 154 पिकोमीटर आणि दुहेरी बंध 134 पिकोमीटर लांब असतो, तर बेंझीनमधले सहाही बंध सारखेच, सुमारे 139 पिकोमीटरचे आहेत.

मग संज्ञेत ‘स्पंदन’ का आले, ही शंका रास्त आहे. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी 1926 मध्ये हेलियम अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचा विचार केला, तेव्हा त्यांच्या समीकरणांचे रूप एकमेकांशी जोडलेल्या दोन आंदोलकांच्या समीकरणांसारखे निघाले. त्या गणिती साम्यावरून ही संज्ञा आली, आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी 1930 नंतरच्या दशकात ती रासायनिक बंधांच्या विवेचनात रुजवली. साम्य समीकरणांचे होते. रेणू कोणत्याही दोन रूपांत हेलकावे घेतो असा त्याचा अर्थ नव्हता. संज्ञा आता रूढ आहे आणि ती बदलण्याची गरज मला वाटत नाही, मात्र तिच्यासोबतचे क्रियापद जपून निवडावे लागते. ‘बेंझीनची संरचना एकच असून ती कागदावर दाखवण्यासाठी दोन अनुस्पंदन संरचना काढाव्या लागतात’ असे लिहिले की अर्थ नेमका होतो. त्या दोन आकृत्यांमधल्या दुतोंडी बाणाचे वाचनही ‘रूपांतर होते’ असे करू नये. रूपांतर दाखवायचे असते तिथे उलटसुलट दिशांचे दोन स्वतंत्र बाण काढतात. उदाहरणार्थ, टॉटोमेरिझममध्ये हायड्रोजनचा अणू खरोखर जागा बदलतो आणि दोन वेगळे रेणू समतोलात असतात. अनुस्पंदन संरचनांमध्ये अणुकेंद्रकांच्या जागा त्याच राहतात, फक्त इलेक्ट्रॉनांची मांडणी वेगळी काढलेली असते.

‘विस्थापित इलेक्ट्रॉन’ हा प्रयोग मात्र टाळावाच. जस्त ताम्र सल्फेटच्या द्रावणातून तांब्याला बाहेर काढते, त्या अभिक्रियेला आपण विस्थापन अभिक्रिया म्हणतो. तिथे एकाची जागा दुसरा घेतो. बेंझीनमध्ये कुणीही कुणाची जागा घेत नाही. तिथले सहा पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे आकृतीतल्या तीन दुहेरी बंधांमधल्या दुसऱ्या जोडीचे इलेक्ट्रॉन, कोणत्याही एका बंधापुरते मर्यादित नसून संपूर्ण कड्यावर पसरलेले असतात. यासाठी ‘विस्थानीकरण’ आणि ‘विस्थानित इलेक्ट्रॉन’ हे शब्द वापरावेत, आणि वाचक नवखा असेल तर सरळ ‘पसरलेले इलेक्ट्रॉन’ म्हणावे. ‘मुक्त इलेक्ट्रॉन’ही येथे चालणार नाही, कारण तो शब्द धातूंमधून वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी आधीच ठरलेला आहे.

अनुस्पंदन आणि विस्थानीकरण हे शब्द एकमेकांच्या जागीही वापरू नयेत. विस्थानीकरण ही रेणूतील इलेक्ट्रॉनांची स्थिती आहे, तर अनुस्पंदन ही ती स्थिती अनेक आकृत्यांच्या साह्याने मांडण्याची रीत आहे. म्हणून कार्बोनेट आयनाविषयी लिहिताना ‘त्याच्या तीन अनुस्पंदन संरचना काढता येतात’ हे जितके बरोबर आहे, तितकेच ‘त्यातील ऋणप्रभार तिन्ही ऑक्सिजन अणूंवर सारखा विस्थानित असतो’ हेही बरोबर आहे. पहिले वाक्य आकृत्यांविषयी आहे आणि दुसरे आयनाविषयी.