मुलगी शिकली की गरीब देशांत स्त्री-पुरुष समानता आपोआप येते का?

आपोआप? नाही हो. माझ्या घरचंच सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. पानं, तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायचं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. मजुरी दर हजार विड्यांवर. त्यात छाट निघायची, म्हणजे पसंत न पडलेल्या विड्या बाजूला आणि त्यांचे पैसेही गेले. एकट्या बाईला रोज हजार भरणं जड, म्हणून शाळेतून आलेल्या मुलींच्या मांडीवर सूप यायचं. पानं कापणं, विड्यांची तोंडं मोडून बंद करणं आमच्याकडे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडी; पंचविसाचा पाढा मी कट्ट्यांवरच शिकले. चाळीस कट्टे झाले की हजार. अण्णाच्या, म्हणजे भावाच्या, मांडीवर सूप कधी आलं नाही. तो त्या वेळी शिकवणीला जायचा.

अक्का सातवीनंतर घरी बसली. शब्द बघा, 'बसली'. घरात सगळ्यात जास्त काम तीच करत होती.

म्हणून 'आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अम्माला कळत होतं. पण फी माफ झाली तरी मुलीची दुपार कोण भरून देणार? बांगलादेशाने हे नेमकं ओळखलं. १९९४ पासून तिथे खेड्यांतल्या माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींना रोख विद्यावेतन मिळू लागलं. अटी होत्या: पंच्याहत्तर टक्के हजेरी, ठरावीक गुण आणि शाळा संपेपर्यंत लग्न नाही. पुढे तिथल्या माध्यमिक शाळांत मुलांपेक्षा मुलींची नावं जास्त दिसू लागली. एका योजनेनेच झालं असं नाही, पण घराचा तोटा मोजून भरणारी ती होती. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आणि त्याच वयात मुलीचा विडीवर हात बसलेला असतो.

मी बी.कॉम. झाले ती अक्काच्या कमाईवर. आता एका चादरीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघते.

आता समानतेचं. वडील गेल्यावर घर अण्णाच्या नावावर करायचं ठरलं आणि बहिणींसाठी हक्कसोडपत्र तयार झालं. बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा वाटा १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ ला आणि केंद्राने २००५ ला मुलींना बरोबरीचा हक्क दिला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो कागद सगळ्यांना मीच मोठ्याने वाचून दाखवला, आणि पहिली सहीही मीच केली. माहेर तुटायला नको, एवढंच डोक्यात.

मग कागद अक्कापुढे गेला. ती सातवीपर्यंतच शिकलेली. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "या भिंतींत माझ्या किती हजार विड्या आहेत, ते लिहिलंय का ह्यात?"

अण्णा दोन महिने बोलला नाही. तो कागद अजून अम्माच्या ट्रंकेत आहे, माझ्या एकटीच्या सहीचा.