शेल बसवण्याआधी क्रँकपिन मोजा

तुमच्या मोटरसायकलचं इंजिन सत्तरच्या दशकातलं, चार सिलिंडरचं. गरम झाल्यावर थ्रॉटल दिला की खालून जड ठोका येतो. ‘स्टँडर्ड’ बिग एंड शेलचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकात, क्रँकशाफ्टच्या क्रँकपिनभोवती बसणाऱ्या अर्धगोल बेअरिंगचा) सेट आणून ठेवलाय आणि विचारताय, सरळ बसवून टाकू का? नका बसवू. शेल झिजले ते कशामुळे, हे कळल्याशिवाय नव्यांचंही तेच होईल.

आधी आवाज ओळखा. त्या काळच्या बऱ्याच चार सिलिंडरच्या इंजिनांत कार्ब्युरेटर सिंक नसले (सगळे सारखे उघडत नसले) की प्रायमरी चेन, म्हणजे क्रँककडून क्लचकडे जाणारी साखळी, आयडलला इतकी खडखडते, की माणूस घाबरून इंजिन उतरवायला घेतो. ती खडखड गाडी थोडी रेस केली की कमी होते. बिग एंडचं उलट: थंड, घट्ट ऑईलमध्ये ठोका दबून राहतो, गरम झाल्यावर लोड आला की वाढतो. एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून ऐका (प्लग अर्थ करूनच, म्हणजे इंजिनच्या धातूला टेकवून); ज्याने ठोका मऊ पडतो, त्या रॉडवर संशय. ऑईल फिल्टर कापून घड्या उलगडा. चकाकणारे कण चुंबकाला चिकटत नसतील तर ते बहुधा शेलचेच.

इंजिन उघडल्यावर कॅप (रॉडच्या खालच्या टोकाचा सुटा होणारा अर्धा भाग) काढायच्या आधी रॉडचा साइड क्लिअरन्स, म्हणजे बाजूची फट, फीलर गेजच्या पातळ पात्यांनी घ्या आणि प्रत्येक रॉड-कॅपवर मार्करने नंबर टाका. रॉड आणि कॅप एकत्रच बोअर केलेले असतात. कॅपची अदलाबदल झाली किंवा उलटी बसली, तर भोक गोल राहत नाही. बोल्टच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर पिनवर ओरखडा आलाच.

आता शेल उजेडात धरा. वरचा राखाडी थर अगदी पातळ असतो. तो जाऊन खालचा तांबूस थर दिसायला लागला की शेल संपला. रॉडकडचा शेल कॅपकडच्यापेक्षा जास्त झिजलेला असणं स्वाभाविक आहे, पॉवर स्ट्रोकचा दाब त्याच्यावरच येतो. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय का ते तपासा. चारही सारखेच खराब असतील तर ऑईल पंप, स्ट्रेनर (ऑईलची जाळी) आणि ऑईलच्या वाटा बघा. एकच गेला असेल तर त्याच पिनचं ऑईलचं भोक तुंबलंय का ते आधी बघा.

पिन मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना आणि ९० अंशांत फिरवून मोजा. नख अडकेल इतका चरा असेल तर नवे शेल लावण्यात अर्थ नाही. मग क्लिअरन्स, म्हणजे पिन आणि शेलमधली फट, प्लॅस्टिगेजने: हा दबून पसरणारा मऊ धागा, पसरलेल्या रुंदीवरून फट कळते. हिरवा धागा ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजतो, तो पुरतो. पिन आणि शेल कोरडे पुसा, धागा पिनच्या लांबीत ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला कसा आणि काढेपर्यंत क्रँक जराही हलवू नका. दबलेला पट्टा एका टोकाला रुंद असेल तर पिन निमुळती झालीय. अशा इंजिनांत नवा क्लिअरन्स साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असतो, पण शेवटचा शब्द तुमच्या मॅन्युअलचा.

राहिला तुमचा ‘स्टँडर्ड’ सेट. जपानी इंजिनांत रॉडवरचा आकडा आणि क्रँकवरची खूण मॅन्युअलच्या तक्त्यात जुळवून शेलचा रंग ठरतो. तो रंग शेलच्या कडेला ठिपक्यासारखा लावलेला असतो. त्यामुळे चारही रॉडना एकच रंग लागेल असं नाही. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनांत) पिन ग्राइंड करून ०.०१० किंवा ०.०२० इंच अंडरसाइझ, म्हणजे बारीक झालेल्या पिनसाठीचे, शेल घालायची पद्धत आहे (तिथे क्रँकमधला स्लज ट्रॅप, म्हणजे ऑईलमधला गाळ साठणारी पोकळी, साफ केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही). जपानी कंपन्यांनी बहुतेक इंजिनांसाठी असे शेल दिलेच नाहीत. पिन लंबगोल झाली असेल तर दुसरा क्रँक शोधावा लागतो. आणि कावासाकी झेड-वनसारख्या रोलर बेअरिंगच्या, प्रेस करून जोडलेल्या क्रँकला यातलं काहीच लागू नाही.

बसवताना शेलची पाठ आणि रॉडची बैठक कोरडी, पिनकडच्या बाजूला मात्र असेंब्ली लूब (जोडणीच्या वेळी लावायचं वंगण) भरपूर. शेलची टोकं बैठकीच्या किंचित वर राहतात, त्यानेच शेल घट्ट धरला जातो. ती घासू नका. नट-बोल्ट नवे घ्या, टॉर्क टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जड गेला तर तिथेच थांबा, तोच कॅप उघडा.

इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून, प्लग वायर अर्थ करून, ऑईल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत क्रँक फिरवा.