न्यू जर्सीतल्या घराचा लिलाव तीन आठवड्यांवर आलाय. चॅप्टर १३ ने घर वाचेल का?

तुमची हकीकत थोडक्यात अशी: नोकरी गेली, दहा हप्ते थकले, आता नवी नोकरी लागलीय, पण शेरीफच्या (कोर्टाच्या हुकमाने घर विकणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याच्या) लिलावाची तारीख पडलीय. शिवाय जाता जाता विचारलंय, पुण्याचा फ्लॅट आधी भावाच्या नावावर करून टाकू का?

मी वकील नाही, दिवाळखोरीची प्रकरणं घेणाऱ्या वकिलांकडे कागद जुळवायचं काम करते. घर वाचू शकतं. फ्लॅटला मात्र हात लावू नका.

चॅप्टर १३ म्हणजे देणी हप्त्यांनी फेडायची अमेरिकेतली दिवाळखोरी. तिचा अर्ज दाखल झाला की त्याच क्षणापासून वसुली थांबते, लिलावसुद्धा. पण अर्ज लिलावाच्या आधी जायला हवा. हातोडा पडल्यावर थकबाकी हप्त्यांनी फेडायची सोय संपते. अर्जाआधी मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट काउन्सेलिंग (कर्जाबाबतचं समुपदेशन) करावं लागतं. ते ऑनलाइन होतं, पण त्याचं सर्टिफिकेट नसेल तर केस निकालात निघते, म्हणून ते आजच उरकून टाका.

आता हिशेब. समजा हप्ता ३,२०० डॉलर आहे आणि दंड, बँकेच्या वकिलाची फी धरून थकबाकी ३६,००० झालीय. ती जास्तीत जास्त ६० महिन्यांत फेडायची, म्हणजे महिना ६००. चालू हप्ता त्यावर वेगळा, म्हणजे ३,८०० झाले. शिवाय ट्रस्टीचं, म्हणजे केस तपासून तुमचे पैसे देणेकऱ्यांना वाटणाऱ्याचं कमिशन, जे १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. या फेडीच्या प्लॅनचा पहिला हप्ता अर्जापासून ३० दिवसांत भरायचा. राहत्या घरावरच्या मुख्य कर्जाचा व्याजदर किंवा मुद्दल कोर्ट कमी करत नाही. नव्या पगारात हे बसत नसेल तर घर वाचत नाही, फक्त लिलाव लांबतो. चॅप्टर ७ मध्येही, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या दिवाळखोरीतही, तेवढंच होतं. आणि पहिली केस फेटाळली जाऊन वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केलात, तर कोर्टाने मुदत वाढवून दिल्याशिवाय संरक्षण ३० दिवसांचंच मिळतं.

आता फ्लॅट. अर्जात जगभरातली मालमत्ता लिहावी लागते. आईबरोबर जॉइंट असलेलं खातं, पीपीएफ, गावच्या सातबाऱ्यावर लागलेलं नाव, सगळं. 'इंडियातलं यांना कुठे कळणार' हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. ट्रस्टी शपथेवर विचारतो, आणि जाणूनबुजून लपवणं हा फेडरल गुन्हा आहे. बक्षीसपत्र करून भावाला दिलात तर तो व्यवहार मागे जाऊन उलटवता येतो: फेडरल कायद्याने दोन वर्षं, राज्याच्या कायद्याने साधारण चार. नातेवाइकांची गेल्या वर्षभरात केलेली परतफेडसुद्धा तपासतात. आपल्याकडे माणूस बँकेला थांबवेल, पण मेहुण्याचे उसने आधी देईल, त्यामुळे हा मुद्दा हमखास निघतो.

फ्लॅट दाखवल्यावर काय होतं? तो तुमच्याकडेच राहतो. मात्र चॅप्टर ७ मध्ये मालमत्ता विकून क्रेडिट कार्डवाल्यांना जेवढं मिळालं असतं, त्याहून कमी चॅप्टर १३ मध्ये देता येत नाही. फ्लॅट ८० लाख रुपयांचा, त्यावर कर्ज नाही आणि कार्डांचं देणं ४०,००० डॉलर असेल, तर ते देणं जवळपास पूर्ण फेडावं लागेल. म्हणजे महिन्याचा आकडा आणखी चढणार.

म्हणूनच वकिलाला सरळ विचारा: फ्लॅट विकून प्लॅन भरता येईल का? एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) दर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यासाठी सीएकडून कराबाबतचं सर्टिफिकेट घ्यायचं, पैसे बाहेर पाठवण्याचा आयकर खात्याचा फॉर्म भरायचा. गिऱ्हाईक शोधणं, टीडीएस, बँक यात महिने जातात, तीन आठवड्यांत काही होत नाही. तो वेळ चॅप्टर १३ मुळे मिळतो, अर्थात विक्रीला कोर्टाची परवानगी लागेल.

नागरिकत्वाची अट नाही, व्हिसावर असलात तरी अर्ज करता येतो. क्रेडिट रिपोर्टवर नोंद साधारण सात वर्षं राहते.

वकील मिळायला वेळ लागला तर शेरीफच्या ऑफिसात जाऊन लिलाव पुढे ढकलून मागा. न्यू जर्सीत कर्जदाराला हे दोनदा करता येतं, दर वेळी ३० दिवसांपर्यंत, थोडी फी भरून. 'घर वाचवून देतो, फक्त डीड (घराच्या मालकीचा दस्त) आमच्या नावावर करा' अशी पत्रं येत असतील तर ती थेट कचऱ्यात टाका. आणि वकिलाकडे जाताना पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, बँकेची नोटीस यांच्याबरोबर फ्लॅटचा इंडेक्स टू घेऊन जा.