चष्मा घालवायचाय? आधी हे बघा

लेसिक की स्माईल, कुठलं लेसर ऑपरेशन करायचं, हे नंतर. भाव विचारत फिरायच्या आधी वय 18 पूर्ण आणि नंबर वर्षभर स्थिर आहे का, ते बघा की.

तपासणीआधी सॉफ्ट लेन्स किमान आठवडाभर बंद, कडक असतील तर तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलतो, मोजमाप चुकतं. खानापूर-निपाणीहून बेळगावला येताना गाडी चालवायला दुसरं कोणीतरी आणा. थेंबांनी बाहुली मोठी करतात, चार-सहा तास अंधुक दिसतं.

कॉर्निया साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. फार पातळ निघाला किंवा नंबर खूप मोठा असला तर डोळ्यात बसवायच्या आयसीएल लेन्सबद्दल विचारा. तालमीत उतरता? मग कॉर्नियाचा पापुद्रा उचलून करायचं लेसिक नको, पापुद्रा न काढता वरूनच लेसर मारायचं पीआरके बरं. दुखतं जास्त, नजर सावकाश येते, पण धक्क्यानं सरकायला पापुद्राच नसतो.

डोळे चोळायची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. आणि चाळिशीचा वाचायचा चष्मा या ऑपरेशननं टळत नाही.