संस्थापकाने ॲडमिनपद कधी सोडावे?

प्रश्न : गच्चीवरच्या बागेची आवड असणाऱ्यांसाठी मी २०१४ मध्ये फेसबुकवर एक ग्रुप सुरू केला. पहिली काही वर्षे रात्रीची जेवणे आटोपली की मी सदस्यांच्या पोस्ट वाचून मंजूर करायला बसत असे. कोणाच्या लिंबावर कोणती कीड पडली आहे हेही मला तोंडपाठ असे. पुढे सासूबाईंचे आजारपण आणि नोकरीतील वाढलेली जबाबदारी यांमुळे गेली दोन वर्षे मी तिकडे फिरकलेली नाही. ग्रुपचे सगळे काम आता तीन मॉडरेटर पाहतात, ॲडमिन मात्र मी एकटीच आहे. मागील महिन्यात त्यांनी मला लिहिले की, ‘ताई, ॲडमिनपद आता आमच्यापैकी कोणाकडे तरी सोपवा.’ त्यांचे म्हणणे चुकीचे नाही हे कळते, तरी मन दुखावले आहे. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण हे पद सोपवावे, आणि फार दिवस न लावता सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले मन दुखावले यात मला काहीच वावगे वाटत नाही. जे रोप आपण लावले त्याच्याजवळून ‘आता बाजूला व्हा’ असे ऐकणे कोणालाही जड जाते. मात्र आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : ग्रुप आपण उभा केला हा मान, आणि ग्रुपच्या कारभाराच्या किल्ल्या. पहिली गोष्ट आपल्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. दुसरी मात्र ज्याच्या हातून रोजचे काम होते त्याच्याकडेच असायला हवी.

आपल्या मॉडरेटरांची अडचण नेमकी कोणती आहे, हे आधी पाहू. फेसबुकवर मॉडरेटर पोस्ट मंजूर करू शकतो, नको ती पोस्ट काढू शकतो आणि त्रास देणाऱ्या सदस्याला ग्रुपबाहेरही घालवू शकतो. पण नवा मॉडरेटर नेमणे आणि ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये बदल करणे हे केवळ ॲडमिनच्या हाती असते. म्हणजे उद्या बियाणे विकण्याच्या नावाखाली फसवणूक करणारी खाती ग्रुपमध्ये घुसली आणि त्यांना आवरायला चौथा माणूस हवा असला, तर तो नेमता येणार नाही. तिघांपैकी एखाद्याच्या घरी आजारपण निघाले, तर उरलेल्या दोघांनाच ते ओझे वाहावे लागेल. त्यांनी आपल्याला केलेली विनंती या काळजीतून आलेली दिसते. आपल्याला विसरण्याची घाई तिच्यात मला दिसत नाही.

किती काळ अनुपस्थित राहिल्यावर पद सोडावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. विकिपीडियाने त्याचे उत्तर लेखी नियमाने दिले आहे. इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या प्रचालकाने (म्हणजे तेथील ॲडमिनने) वर्षभरात एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती केली नाही, तर त्याचे अधिकार काढले जातात. २०२३ पासून, पाच वर्षांत १०० संपादनेही झाली नसतील तरीही ते काढले जातात. ज्या भाषांतील विकिपीडियांनी स्वतःचा नियम केलेला नाही, तेथे दोन वर्षे निष्क्रिय राहिलेल्या प्रचालकाविषयी स्थानिक सदस्यांचे मत विचारले जाते. या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची रीत. अधिकार काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला पूर्वसूचना जाते, ही कारवाई शिक्षा मानली जात नाही, आणि ठरावीक मुदतीत परतणाऱ्याला साध्या विनंतीवर अधिकार पुन्हा मिळू शकतात. वापरात नसलेले खाते भलत्याच्या हाती पडले तर त्या अधिकारांचा गैरवापर होईल, हा धोकाही या नियमामागे आहे. आपल्या खात्याचा पासवर्ड आपण शेवटचा कधी बदलला होता, हे या निमित्ताने जरूर आठवून पाहावे.

लहान ग्रुपला दिवसांचा हिशेब ठेवण्याची गरज नसते. तेथे मी एवढेच विचारीन : आपल्यावाचून होऊ न शकणारा एखादा निर्णय समोर आला, तर सहकाऱ्यांना आपले उत्तर आठवडाभरात मिळते का? मिळत असेल, तर महिनोन्महिने एकही पोस्ट न लिहिणारा संस्थापकही खुशाल ॲडमिन राहू शकतो. मिळत नसेल आणि पुढेही मिळेल अशी चिन्हे नसतील, तर पद सोडण्याची वेळ आली आहे. आपण दोन वर्षे तिकडे फिरकला नाहीत, म्हणजे आपल्या बाबतीत हे उत्तर ठरलेलेच आहे.

पद सोडले की नाव पुसले जाईल, अशी भीती आपल्या पत्राच्या तळाशी असावी. तिच्यासाठी दोन उदाहरणे देतो, कारण ही माणसे आपल्यापेक्षा फार मोठ्या पसाऱ्याच्या केंद्रस्थानी होती. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन ही मुक्त संगणक-प्रणाली सुरू केली आणि १९९६ मध्ये तिचे नेतृत्व दुसऱ्याकडे सोपवले. आज त्या प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो, आणि तरीही डेबियन या नावात इयन आहेतच, कारण ते त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि इयन या दोन नावांतूनच तयार झाले आहे. पायथॉन या संगणकीय भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांना तर हयातभरासाठी अंतिम शब्दाचा अधिकार होता. एका बदलावरून झालेल्या दमवणाऱ्या वादानंतर, जुलै २०१८ मध्ये, त्यांनी तो अधिकार सोडला आणि वारस न नेमता पुढची व्यवस्था सहकाऱ्यांनी मिळून ठरवावी असे कळवले. सहकाऱ्यांनी पाच जणांचे निवडून आलेले मंडळ ठरवले, आणि २०१९ मधील पहिल्या मंडळात स्वतः व्हान रॉसमही निवडून आले. जाणाऱ्याला परत येण्याची वाट अशी मोकळी राहू शकते.

आता कोणाकडे आणि कसे सोपवावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पद सोडण्याइतकीच ते कोणाच्याही हाती न देण्याची जबाबदारीही संस्थापकावर असते. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाच्या, असंख्य प्रोग्रॅमर वापरत असलेल्या एका छोट्या संगणकीय घटकाच्या मूळ कर्त्याला त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी व्यक्तीने ‘मी सांभाळतो’ असे लिहिले आणि कर्त्याने सद्भावनेने सगळे अधिकार तिला दिले. काही आठवड्यांतच त्या घटकात बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड शिरला, आणि तो उघडकीस यायला नोव्हेंबर उजाडला. मोठ्या फेसबुक ग्रुपवरही अशा लोकांचा डोळा असतो. ग्रुप हाती आला की त्याचे नाव बदलून तेथे भलत्याच जाहिराती सुरू करता येतात. म्हणून जो आपणहून घाईघाईने मागणी करतो त्याच्यापेक्षा, ज्याचे काम सदस्यांनी वर्ष-दोन वर्षे पाहिले आहे, त्याची निवड करावी.

आपल्याकडे असे तिघे आहेत हे आपले भाग्य आहे. त्यांच्यापैकी निदान दोघांना ॲडमिन करावे. आपली आजची अडचण एकच ॲडमिन असल्यामुळे झाली आहे, आणि ती एका नव्या नावाने पुन्हा उभी राहू नये. मात्र एक लक्षात असू द्यावे की फेसबुकवर ॲडमिन झालेली व्यक्ती दुसऱ्या ॲडमिनलाही काढू शकते. तेव्हा निवड करण्यापूर्वी तिघांशी फोनवर मोकळेपणाने बोलावे, आणि आपले दुखावलेपणही सांगावे. त्यानंतर ग्रुपवर आपल्या नावाने एक पोस्ट लिहावी : ग्रुप कशासाठी काढला होता, यापुढे तो कोण सांभाळणार, आणि एखादा ॲडमिन सहा महिने दिसला नाही तर काय करायचे. आपल्याकडे नोंदणीकृत न्यासाचा विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ऑनलाइन ग्रुपला असे विचारणारे कोणी नाही, म्हणून ही नोंद आपणच करून ठेवायची. नवे ॲडमिन रुळेपर्यंत महिनाभर आपण सोबत राहावे आणि मग स्वतःहून साध्या सदस्य व्हावे. बागेची हौस असणाऱ्या माणसाला सदस्य म्हणून त्या ग्रुपमध्ये करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेथे कोणाच्या पोस्ट मंजूर करण्याचे ओझेही नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप ज्या मित्राने काढला, तो परदेशी गेल्यापासून तीन वर्षे काहीच बोलत नाही. आम्ही चौघे ॲडमिन आहोत, पण त्याला ॲडमिनपदावरून काढता येत नाही. काही जणांना वाटते की उद्या कोणी आक्षेपार्ह मजकूर टाकला तर तो बिचारा विनाकारण अडकेल. नवा ग्रुप काढावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच काढू नये. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढणाऱ्याला इतर ॲडमिन पदावरून हटवू शकत नाहीत हे खरे आहे, पण रोजच्या कारभाराचे सर्व अधिकार आपणा चौघांकडे आहेत. सदस्य घेता-काढता येतात, नवे ॲडमिन नेमता येतात, म्हणजे त्याच्या गप्प राहण्यामुळे ग्रुपचे कोणतेच काम अडलेले नाही. जेथे काम अडत नाही, तेथे जुन्या मित्राचे नाव यादीत राहू देण्यात मला तरी काहीच गैर दिसत नाही. त्याने तो क्रमांक वापरणेच बंद केले असेल, तर १२० दिवस न वापरलेले खाते व्हॉट्सॲप सहसा काढून टाकते, आणि त्याबरोबर तो ग्रुपमधूनही आपोआप बाहेर पडतो.

कायद्याच्या भीतीबद्दल : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला आहे की, दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्याच्या कारणावरून कोणाला फौजदारीदृष्ट्या जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू दिसावा लागतो. तरीही मित्राला ही चिंता एकदा कळवावी आणि पुढचे त्याला ठरवू द्यावे. त्याला नको असेल तर तो ग्रुपमधून बाहेर पडेल, आणि आपण त्याला साधा सदस्य म्हणून पुन्हा घेऊ शकाल.

नवा ग्रुप काढण्याची वेळ माझ्या मते एकाच परिस्थितीत येते : त्याचे खाते दुसऱ्या कोणाच्या हाती लागले आहे आणि ती व्यक्ती ग्रुपमध्ये ढवळाढवळ करू लागली आहे, अशी खात्री पटली तर. तेव्हाही सदस्यांना आधी फोन करून सांगावे, जुन्या ग्रुपमधील छायाचित्रे उतरवून घ्यावीत, आणि नव्या ग्रुपची लिंक प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवावी. जुन्या ग्रुपवर टाकली तर ती त्या परक्या माणसालाही मिळेल.